बाणांचा तक्ता

मास्तरांचा दिवस वर्तमानपत्राशी भांडून सुरू होत असे. त्यातून त्या वर्तमानपत्राच्या डेस्कवर त्यांची स्वतःची लेकच कामाला, म्हणजे भांडायला लांब जायची गरज नाही!

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, गाडी शिकवणारे. अर्ध्या वस्तीला क्लच आणि ब्रेकमधला फरक त्यांनीच शिकवला होता. छपरावर ‘शिकाऊ’ असा फलक मिरवणारी त्यांची छोटी पांढरी गाडी कोपऱ्यावर दिसली, की सायकलवाले आपणहून बाजूला होत. प्रत्येक विद्यार्थ्याला ते टोपणनाव ठेवत. वळणावर पेंगणारा तो ‘कासव’. आरशात मागची वाहनं बघायची सोडून स्वतःलाच बघणारी ती ‘महाराणी’. आणि बेकरीत काम करणारी एक मुलगी होती, तिचा पाय पडला की गाडी जागची उडीच मारायची, ती ‘रॉकेट’.

साथ सुरू होऊन बरेच महिने झाले होते. लस अजून यायची होती. मध्यंतरी जरा उसंत मिळाली होती, म्हणून मास्तरांनी पुन्हा गाडी बाहेर काढली होती. काचा खाली, तोंडावर मास्क, आणि मास्कच्या आतून अखंड सूचना.

त्या सकाळी चहाचा कप वर्तमानपत्रावरच ठेवून ते मोठ्यानं वाचू लागले. “‘बाजारपेठेत विषाणूचा शिरकाव. भाजीविक्रेता ठरला कारणीभूत.’ वा! त्या बिचाऱ्यानं काय दुधीभोपळ्यात भरून विकला का गं?”

लेक जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. ऑफिस महिनोन्महिने त्या टेबलावरच भरत होतं. मान वर न करता ती म्हणाली, “बाबा, मथळा असाच असतो.”

“आणि हे खाली काय काढलंय? गोल, गोल, बाण, बाण. किल्ल्यावर चाल करून जायचंय का कुठं?”

“तो तक्ता आहे. कोणाकडून कोणाला आजार गेला ते बाणांनी दाखवतो. लोक आधी तोच बघतात. आणि नाव कोणाचंच छापत नाही आम्ही. फक्त धंदा, वय आणि वस्ती.”

“आपल्या वस्तीत भाजीवाले आहेत किती? दोन. त्यातली एक बाई. नाव नाही छापलंत, फार उपकार केलेत!” मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला. “बरं, सगळ्यांत वरचा गोल कोणाचा, हे कसं ठरवता?”

“ज्याचा रिपोर्ट आधी आला, तो वर.”

“म्हणजे आजार आधी कोणाला झाला ते नाही? तपासायला आधी कोण गेलं ते?”

“पान छपाईला लवकर सोडावं लागतं, बाबा. एवढं शोधत बसायला वेळ कोणाला आहे?”

“मग झालंच की! जो आधी तपासायला गेला तो गुन्हेगार. शहाणा माणूस उद्या तपासायला जाईल कशाला?” मास्तर हसले, पण पुढचं त्यांनी हसत हसत विचारलं नाही. “आणि तो भाजीवाला कसा आहे गं? बरा झाला का? तुझ्या एवढ्या मोठ्या बातमीत ते कुठंच नाही.”

“बाबा, माझी मीटिंग सुरू होतेय.”

“हो, हो. तू घे मीटिंग. मी रॉकेटला रिव्हर्स शिकवतो. दोघांतलं जास्त धोक्याचं काम माझं.”

स्वयंपाकघरातून आई ओरडली, “अहो, टोपी घ्या! ऊन आहे.”

“गाडीला छप्पर आहे!”

“डोक्याला केस नाहीत!”

थोड्या वेळानं खिडकीतून गाडीचा आवाज आला. घरघर, धक्का, शांतता. मग मास्तरांचा आवाज, “काही बिघडलं नाही. पुन्हा एकदा.” पुन्हा घरघर, पुन्हा धक्का, आणि दोघांचंही खो खो हसणं. लेकीनं उठून खिडकी लावून घेतली, कारण मीटिंगमधल्या साहेबांना तिचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

तो दिवस असा गेला. दुपारी मास्तर जेवले, आमटी अळणी झाली म्हणून कुरकुरले, झोपले, उठून गाडी पुसली. एवढा साधा दिवस, की तो आठवायचा असतो हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

मग ताप आला.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना ते ठाऊक आहे. रॉकेटचा रिपोर्ट संध्याकाळी आला, मास्तरांचा दुसऱ्या दिवशी सकाळी. दोघंही एकाच रुग्णालयात, वेगवेगळ्या मजल्यांवर. भेटायची सोय नव्हती. एक परिचारिका दुपारी फोन करून ‘आज जरा बरं आहे’ म्हणायची, आणि घरातल्या दोघी त्या ‘जरा’वर दिवस काढायच्या. मग एका दुपारी तिनं फोन केला तो नेहमीपेक्षा लवकर, आणि आधी विचारलं, “तुमच्याजवळ कोणी आहे का?”

मास्तर गेले.

ओळखीच्या सगळ्यांचे फोन आले. नात्यातले, शेजारचे, जुने विद्यार्थी. ‘कासव’ तर फोनवर हमसाहमशी रडला. पण बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच असे. “अरेरे! पण त्यांना झाला कुठून?”

कशा आहात, असं नाही. आई कशी आहे, असं नाही. झाला कुठून!

मेलेल्या माणसाबद्दल बोलणं कठीण, आणि या प्रश्नाचं उत्तर मात्र सोपं. म्हणून लेक सांगत गेली, “त्यांची एक विद्यार्थिनी होती ना, बेकरीतली…” पलीकडचा माणूस ‘अच्छा, अच्छा’ म्हणायचा. त्याला हायसं वाटल्याचं तिला आवाजावरून कळायचं. आपण बेकरीत जात नाही, म्हणजे आपण सुरक्षित!

या सगळ्यात एक वाक्य मात्र तिच्या तोंडून एकदाही निघालं नाही. ‘माझे बाबा गेले.’ ऑफिसला तिनं कळवलं, ‘घरी अडचण आहे.’ बँकेत सांगितलं, ‘ते आता सही करू शकणार नाहीत.’ दूधवाल्याला म्हणाली, ‘उद्यापासून एकच पिशवी टाका.’ भाषेवर पोट भरणारी बाई. तिला तीन शब्द जुळवता येईनात.

ती रजेवर असताना वर्तमानपत्रात तो तक्ता आला. तिच्याच हाताखाली शिकलेल्या सहकाऱ्यानं, तिच्याच पद्धतीनं काढलेला. वर एक गोल, ‘बेकरी कर्मचारी, वय २४’. त्याखाली दुसरा गोल, ‘वाहन प्रशिक्षक, वय ६७’, आणि त्यात एक काळी फुली. मधला बाण चांगला ठसठशीत. वर मथळा, ‘प्रशिक्षकाची झुंज अपयशी, शिकाऊ चालक ठरली कारणीभूत’.

गंमत बघा! तो बाण कसा काढतात, हे सगळ्या शहरात तिच्याइतकं नीट कोणाला माहीत नव्हतं. ‘ज्याचा रिपोर्ट आधी, तो वर’ हा नियम तिनंच तर बसवला होता. पण छापलेला बाण समोर आला, तेव्हा तिनंही इतर वाचकांसारखा त्यावर विश्वास ठेवला. दुःखाला बोट दाखवायला एक जागा मिळाली, की माणूस ती जागा तपासून बघत नाही.

रॉकेट बरी होऊन आली. आली तशी सरळ मास्तरांच्या दारात आली. अंगानं अर्धी झालेली, मास्क डोळ्यांपर्यंत, हातात काही नाही. लेकीनं दार अर्धंच उघडलं.

“ताई, मी…”

“आई झोपलीय,” लेक म्हणाली, आणि दार लावून घेतलं. आई आत जागीच होती.

त्यानंतर रॉकेट पुन्हा आली नाही. या मायलेकी रस्त्यावर दिसल्या, की ती पलीकडच्या फुटपाथवर जायची. बेकरीच्या मालकानं तिला काउंटरवरून काढून मागे भट्टीजवळ ठेवलं, कारण गिऱ्हाइकं म्हणायची, ‘हीच का ती? मग पाव राहू द्या.’ लायसन्स मिळालं असतं तर तो तिला माल पोचवायची गाडी देणार होता. आता ती गाडीच्या जवळही जात नव्हती.

तळमजल्यावर एक गृहस्थ राहत. सगळी इमारत त्यांना फवारणीकाका म्हणे. साथ आल्यापासून त्यांच्या हातात जंतुनाशकाचा एक पंप असे, आणि जिना, कठडा, वर्तमानपत्र, क्वचित शेजारी, समोर येईल त्यावर ते फवारत. एकदा जिन्यात त्यांनी लेकीला थांबवलं. सुरक्षित अंतरावरून.

“तुमच्यासाठी आम्ही त्या बेकरीचा पाव बंद केला बरं का! संपूर्ण बहिष्कार! ज्या मुलीनं मास्तरांना मारलं, तिच्या हातचं कसं खायचं?”

‘मारलं’ हा शब्द लेकीच्या कानावर आदळला. हा शब्द तर आपण कधी वापरला नव्हता! पण मग इतके दिवस फोनवर आपण काय सांगत होतो? ती ‘बरं’ म्हणाली आणि वर आली. पण चहा करताना तिनं साखरेऐवजी दोनदा मीठ टाकलं.

काही आठवड्यांनी ती पुन्हा कामाला लागली. असेच काही महिने गेले. शनिवारची दुपार होती. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, समोर नवा मजकूर. एका शाळेतली कारकून बाई आजारी पडली होती, मग तिचा नवरा, मग शेजारची म्हातारी. म्हातारी दगावली होती. लेकीनं सवयीनं पहिला गोल काढला. ‘शाळा कर्मचारी, वय ४१’. खाली दुसरा. खाली तिसरा. तिसऱ्यात फुली.

आई शेंगा सोलत समोर बसली होती. आई म्हणजे निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. उभं आयुष्य लोकांची बोलणी जोडून देण्यात गेलेलं, त्यामुळे कोण काय बोलतो यापेक्षा कशासाठी बोलतो हे तिला आधी ऐकू येई. तिनं मान तिरकी करून पडद्याकडे पाहिलं.

“हा बाण कोणी काढला?”

“मी. का?”

“नाही, म्हटलं, देवानं काढला की काय. एवढा सरळ आहे!”

“आई, काम करू दे.”

“कर की. मी कुठं हात धरलाय? एकच सांग. माझा गोल कुठं आहे?”

“कुठला गोल?”

“यांच्या तक्त्यातला. तुझ्या बाबांच्या.” आईनं शेंगांचं ताट बाजूला सारलं. “त्या आठवड्यात आधी माझा घसा धरला होता. मिठाच्या गुळण्या केल्या, दोन दिवसांत बरी झाले, विसरले. नंतर मला तपासलं तेव्हा काही निघालं नाही. तोवर येऊन गेलाही असेल. नुसता घसाही असेल. कोण सांगणार? पण मी यांच्या शेजारी झोपत होते. ती पोरगी तासभर उघड्या खिडकीशी बसत होती. मग बाण माझ्याकडून का नाही काढलात?”

लेकीचा हात कीबोर्डवरच राहिला. “आई! तू हे मला कधी बोलली नाहीस.”

“कशी बोलू? ज्या घरात ‘कुठून आला, कुठून आला’ असं दिवसभर फोनवर चाललंय, तिथं मी तोंड उघडू? कित्येक दिवस मी हाच विचार करत होते. मी दिला का? मी दिला का? भाजी चिरताना तेच, पाणी तापवताना तेच. मग एक दिवस वाटलं, समजा दिला! म्हणजे काय केलं मी? त्यांच्यासोबत जेवले. त्यांच्याशी बोलले. एका घरात राहिले. हा काय गुन्हा आहे?”

“नाही गं आई. अजिबात नाही!”

“मग तिचा कसा झाला?”

लेकीनं खुर्ची मागे सरकवली.

“तीही त्यांच्याशी बोललीच. हसली. गाडी शिकली. तिनं काय डबा भरून आणला होता आजाराचा? तिला तरी ठाऊक होतं का? ती मेली असती आणि हे वाचले असते, तर बाण कोणीकडे काढला असता तुमच्या त्या पोरानं?”

“पण आई, साखळी शोधावी लागतेच. नाहीतर साथ थांबणार कशी?”

“डॉक्टरांनी शोधावी! हजारदा शोधावी. ते विचारतात, कारण त्यांना पुढचा माणूस वाचवायचा असतो. तुमचे वाचक कोणाला वाचवतात? त्यांना फक्त कळायला हवं असतं, की कोणाच्या नावानं बोटं मोडायची. आणि एक गोष्ट बघ. ही शाळेतली बाई. आज तिला ताप आहे, शेजारीण गेल्याचं दुःख आहे, आणि उद्या सकाळी तिच्या दारात वर्तमानपत्र पडेल, की तूच मारलंस. ते वाचून वस्तीत ज्याला ज्याला खोकला आहे तो काय करेल? तपासायला जाईल? दाराला कडी लावून घरात बसेल! तुमच्या बाणानं साथ थांबत नाही बाई, लपते.”

नळातून थेंब पडत होता. त्याचा आवाज टेबलापर्यंत येत होता.

“आणि तुला सांगायचंच तर,” आई शेंगा पुन्हा हातात घेत म्हणाली, “ती बेकरीतली पोरगी चाललीय. मालकाची बायको सकाळी भेटली होती. आजचा दिवस काम करणार आणि मावशीकडे निघून जाणार, कायमची. इथं कोणी तिच्याशी बोलत नाही म्हणे. रात्री झोपेतून उठून ‘मास्तर’ म्हणून ओरडते, असं तिची खोलीतली मैत्रीण सांगते. चोवीस वर्षांची पोर. आयुष्यभर काय समजून जगणार आहे ती, कळतंय का तुला?”

लेकीला कळलं! एवढे महिने ती आपल्याच दुःखाच्या खोलीत बसली होती, आणि त्या खोलीच्या दाराबाहेर कोणी एक जण उभं होतं, हे तिला आज कळलं. तिनं पडद्याकडे पाहिलं. तीन गोल, दोन बाण, एक फुली. किती टापटीप, किती खात्रीचं, आणि त्यातलं एक अक्षरही कोणाला ठाऊक नसलेलं!

तिनं तक्ता पुसून टाकला आणि डेस्कप्रमुखांना फोन लावला.

“साहेब, आज बाणांचा तक्ता जाणार नाही.”

“म्हणजे? बिघाड झाला का काही?”

“हो. माझ्याकडून झाला होता. आधी कोण आजारी पडलं हे आपल्याला माहीत नसतं. आपण रिपोर्टच्या क्रमानं बाण काढतो. ते खोटं आहे.”

“अहो, पण लोक तोच बघतात आधी!”

“म्हणूनच नको. तिथं मी चौकट देते. कुठली लक्षणं दिसली तर तपासायचं, केंद्र कुठं आहे, आजारी शेजाऱ्याला काय मदत करता येते, आणि किती जण बरे होऊन घरी गेले. ‘कारणीभूत’ हा शब्दही काढतेय. ‘झुंज अपयशी’ पण.”

“मग काय लिहायचं? माणूस गेला हे तरी लिहायचं ना?”

“ ‘निधन झालं’ असं लिहू. आजारी माणूस कुस्तीच्या आखाड्यात नसतो, साहेब. तो हरत नाही. आजारी पडतो, कधी बरा होतो, कधी जातो.”

पलीकडे डेस्कप्रमुख खाकरले. “माझी आईपण… असो. चौकट उंच करा जरा, जागा भरली पाहिजे. आणि वेळेत पाठवा.”

तिनं वेळेत पाठवली. मग चपला घातल्या.

“टोपी घे, ऊन आहे,” आई म्हणाली, आणि दोघी एकमेकींकडे बघून कितीतरी दिवसांनी हसल्या.

वाचकहो, ही गोष्ट एका घरातली असली, तरी तो प्रश्न आपण सगळ्यांनीच कधी ना कधी विचारलेला आहे. कोणी आजारी पडलं, की आपल्या जिभेवर आधी ‘कुठून आणलास?’ येतं. त्यात काळजीपेक्षा भीती जास्त असते, आणि त्या भीतीची जबाबदारी उचलायला आपल्याला एक माणूस लागतो. आजाराला हद्दपार करता येत नाही, म्हणून आपण आजाऱ्याला करतो. पुढची साथ येईल तेव्हा औषधं बदललेली असतील, मास्क बदललेले असतील. निदान आपला पहिला प्रश्न तरी बदललेला असावा. ‘कसा आहेस? काही हवंय का?’ एवढंच विचारायचं आहे. याला लस लागत नाही.

बेकरीसमोर शनिवारची रांग होती. सगळे अंतर राखून उभे होते. ताज्या पावाचा वास रस्त्यापर्यंत येत होता. लेक रांगेत उभी राहिली आणि तिच्या लक्षात आलं, की पुढचे गृहस्थ मास्क, गॉगल आणि टोपी यांच्या आड स्वतःला लपवून उभे आहेत. पण हातातला पंप कुठं लपवणार?

“काका, तुम्ही? बहिष्कार ना?”

फवारणीकाका दचकले. “नात ऐकत नाही हो. तिला याच बेकरीची खारी बिस्किटं लागतात. मी आपला… बाहेरून फवारून घेतो.”

काउंटरवर मालक होते. लेकीला बघून त्यांचा चेहरा पडला. “ताई, तुम्ही काळजी करू नका, तिला मी पुढे येऊ देत नाही. आणि आज शेवटचाच दिवस आहे तिचा.”

“तिलाच भेटायचंय मला. बोलवा ना.”

मालकांनी मागे बघितलं, रांगेकडे बघितलं, घाम पुसला. “इथं? सगळ्यांसमोर?”

“इथंच.”

भट्टीच्या दारातून रॉकेट आली. हातावर पिठाचे पांढरे डाग, कपाळावर घाम. समोर कोण आहे ते दिसताच ती जागीच थांबली. मार खायला उभं राहावं तशी.

रांगेत कुजबुज झाली. कोणीतरी म्हणालं, “मास्तरांची मुलगी. आता बघा.”

लेकीनं बोलायचं ठरवून ठेवलेलं होतं ते सगळं डोक्यातून गेलं. तोंडातून आलं ते एवढंच, “कशी आहेस गं?”

रॉकेटला प्रश्न समजायला वेळ लागला. इतक्या महिन्यांत तो तिला कोणी विचारलेलाच नव्हता. “बरी आहे, ताई,” ती चाचरत म्हणाली. “जिना चढताना दम लागतो. आता वास येतो मात्र. मधे येतच नव्हता. पावाचा अख्खा ट्रे जळला तरी कळलं नव्हतं.”

“दोन ट्रे,” मालक हळूच म्हणाले.

कोणीतरी हसलं. रॉकेटचेही डोळे क्षणभर हसले, आणि लगेच भरून आले. “ताई, मी तुमच्या वाटेत येत नाही. पलीकडून जाते. तुम्हाला त्रास नको म्हणून. आता तर मी चाललेच आहे.”

“जाऊ नकोस.”

“कशी राहू? सगळ्यांना माहितीय.”

“सगळ्यांना मीच सांगितलं होतं,” लेक म्हणाली, आणि मागे वळली. “मी ज्यांना ज्यांना फोनवर सांगितलं, की हिच्याकडून झाला, त्यांना मला सांगायचंय, की ते मला माहीत नव्हतं. वर्तमानपत्रालाही माहीत नव्हतं. तो बाण अंदाजानं काढला होता. आम्ही चुकलो.”

फवारणीकाकांनी गॉगल काढला. पंप कुठं ठेवावा ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी तो काउंटरखाली ठेवला. “मग मीही चुकलोच की,” ते पुटपुटले. आणि जरा मोठ्यानं म्हणाले, “पोरी, दम लागतो तर जिना सावकाश चढ. बसत बसत. आणि खारी दे थोडी. तुझ्या हातानं दे.”

मालकांनी न बोलता काउंटरची फळी उचलली आणि तिला पुढे यायला वाट करून दिली.

पण रॉकेट पुढे आली नाही. ती लेकीकडेच बघत होती. सगळ्यांसमोर, अगदी हळू आवाजात, तिनं ते विचारलं, जे तिला इतके महिने झोपू देत नव्हतं.

“पण ताई, खरंच मीच दिला असेल तर?”

लेकीनं मान हलवली नाही. खोटा दिलासा द्यायचा नाही, एवढं तिनं येतानाच ठरवलं होतं.

“असेलही,” ती म्हणाली. “किंवा बाबांनी तुला दिला असेल. किंवा माझ्या आईनं दोघांना. किंवा मी, घरात बसल्या बसल्या. आपल्याला ते कधीच कळणार नाही, आणि कळून काय करायचंय? तुम्ही दोघं त्या गाडीत किती हसत होतात, मी ऐकलंय. त्यांच्या शेवटच्या चांगल्या दिवशी त्यांना कोणी हसवलं असेल तर तू.” तिनं पुढे होऊन काउंटरवर हात टेकले.

“माझे बाबा गेले,” ती म्हणाली, रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. “आजारानं गेले. तुझ्यामुळे नाही गं. माझे बाबा आजारानं गेले.”